पंधरावं घर

मामो, तुमच्या दुकानात माझ्या नवऱ्याची एक करडी पँट अजून टांगलेली आहे. तिच्या मापात काहीही खोट नाही, हे तुम्हाला माहीत होतं आणि मलाही. तरी तुम्ही टेप काढून ती मोजलीत, गंभीर चेहऱ्यानं "अर्धा इंच" असं पुटपुटलात आणि चिठ्ठी टाचलीत. शनिवारी सकाळी दोन तास तुमच्यासमोर बसायला मला काहीतरी कारण लागायचं. समीरच्या सगळ्या पँटी अशाच एकेक करून तुमच्याकडे येऊन गेल्या. "अगं, तू टेलरकडे जातेस की कॉन्सर्टला?" तो विचारायचा. "मीटिंगमध्ये बसलो की माझे सॉक्स दिसतात सगळ्यांना, यार!" त्याच्या त्या मोज्यांबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले. ते आधी मानते.

तुम्ही गेलात त्याला आज नऊ दिवस झाले. आपण मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचो, त्यात तुमच्या भाषेतला एक शब्द 'मामो', म्हणजे काका. इथे मी तुम्हाला सरळ मराठीत बोलायला लावते आहे, तेवढं चालवून घ्या. तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती आणि ती मी दीड वर्षं टाळली. ती सांगायचीच आहे. पण आधी थोडं भांडू, कारण भांडल्याशिवाय आपलं कुठलंच बोलणं पुढे सरकलेलं नाही.

मी चिंचवडची. इथे परदेशात, ट्रॉय नावाच्या शहरात, गाड्यांच्या कंपनीत काम करते. गाडीत बसल्यावर इंजिनाचा, चाकांचा, वाऱ्याचा जो आवाज येतो तो मारायचा, हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे कान तिखट आणि स्वभाव त्याहून तिखट. लहानपणी गाण्याच्या तीन परीक्षा दिल्या होत्या. चौथ्या वर्षी क्लासच्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं, "हिला कान आहे, गळा नाही. हिला ऐकू द्या." तेव्हापासून मी ऐकते. गात नाही, पण दुसऱ्याच्या चुका काढायला कधी कमी केलं नाही.

किराणा दुकानात मेथी घ्यायला आले होते आणि शेजारीच तुमचं दुकान दिसलं म्हणून गाडीत पडलेली समीरची एक पँट घेऊन आत शिरले. तुम्ही शिवत होतात आणि मान खाली घालून गात होतात. माझ्या मनात आलं ते स्पष्टच सांगते: हा म्हातारा बेसूर आहे. तुमचा गंधार मला खड्यासारखा लागला. कोमल म्हणावा तर थोडा वर, शुद्ध म्हणावा तर थोडा खाली. मी पँट टेकवली, पावती घेतली आणि निघाले. घरी मेथी निवडताना तोच सूर डोक्यात. शेवटी हात पुसून पेटी काढली आणि तो शोधायला लागले.

"आई, व्हाय डू यू कीप प्रेसिंग द सेम टू कीज?" मुलीनं विचारलं.

"एक सूर शोधतेय गं."

"मे बी इट्स नॉट इन देअर," ती म्हणाली आणि निघून गेली.

बरोबर होतं तिचं. तो पेटीत नव्हताच. आणि पेटीत नाही तो चुकीचा, असं मी एवढी वर्षं धरून चालले होते. तेवढ्यावर माझी अक्कल ठिकाणावर आली असं नाही. मी दुसरी पँट आणि एक वही घेऊन परत आले ती तुमची चूक नीट पकडायला. दोन-तीन शनिवारांनी लक्षात आलं की तुमचा तो सूर दर वेळी नेमका त्याच जागी पडतो, केसाएवढाही इकडे-तिकडे नाही. चुकणारा माणूस असा चुकत नाही. मग मी वही मिटली आणि पहिल्यांदा नुसती ऐकत बसले.

किती सुंदर होतं ते, मामो! हे मी तुम्हाला तोंडावर कधी धड सांगितलं नाही. एका श्वासात डोंगरावर चढावं तसा तुमचा आवाज भराभर शब्द घेऊन वर जायचा, वर थोडा थांबायचा, थरथरायचा आणि मग हळूहळू उतरत उतरत अगदी खाली, बोलण्याइतका हलका व्हायचा. ताल नाही, तबला नाही, कुठलंही वाद्य नाही. तुम्ही शिकवलंत की असं गाणाऱ्याला तुमच्यात 'देंगबेझ' म्हणतात, म्हणजे आवाजातून सांगणारा. जे कुणी लिहून ठेवलं नाही ते तो सांगतो. तुमच्या त्या जुन्या हिरव्या शिलाई मशीनची मोटर एका ठरावीक सुरात गुणगुणायची आणि तुम्ही तोच सूर धरून गायचात, ओळ संपवताना त्याच्यावरच येऊन टेकायचात. आमच्याकडे त्यासाठी तंबोरा लागतो. तुमचं पायाच्या दाबावर भागायचं.

तुमचा पहिला ओरडा मी खाल्ला तो गप्प बसण्यावरून. मी आपली शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसले होते. तुम्ही मधेच थांबलात.

"मेलीस का?"

"नाही. ऐकतेय."

"मग बोल. ऐकणारा गप्प बसला तर गाणाऱ्याला वाटतं, खोलीत कोणी नाही."

मी घाबरत "वा" म्हटलं. तुम्ही खूश झालात, मला पुन्हा म्हणायला लावलंत. मग तुमची दाद शिकवलीत: 'हेर बिझी', म्हणजे सदैव जगत राहा. मागे इस्त्रीच्या टेबलाशी तुमची बायको, गुले, उभी असायची. पन्नास वर्षांचा तुमचा संसार, पण तिनं तुमच्या गाण्याला दाद दिल्याचं मी कधी पाहिलं नाही. वाफ सोडायची, कॉलर दाबायची, तिघांचा चहा छोट्या पेल्यांत आणून ठेवायची आणि पुन्हा पाठ करायची. "हिला गाणं कळत नाही," तुम्ही म्हणायचात. मीही ते खरं मानलं.

तुमच्या नातवाच्या लग्नात मात्र मी तुमच्या गाण्याची दुसरी बाजू पाहिली. सनईच्या थोरल्या, दांडगट बहिणीसारखं ते झुर्ना, तो मोठा ढोल आणि दीडशे माणसं एकमेकांच्या करंगळ्या धरून एका रांगेत. तुमची मुलगी नसरीन माझ्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला कुणी अनोळखी आजी. माझं पाऊल चुकलं की आजी करंगळी अशी मुरगळायची की दुसऱ्यांदा चुकायची हिंमत होऊ नये. पैठणी खोचून मी तासभर नाचले. दुसऱ्या दिवशी मला कीबोर्ड वापरता येईना. बॉसला सांगितलं, स्पोर्ट्स इंजुरी.

आणि मग ते एकोणीस घरांचं गाणं. गुले डॉक्टरकडे गेली होती, दुकानात आपण दोघंच होतो. तुम्ही म्हणालात, आज मशीन चालू ठेवतो, पण शिवणार नाही. तुमचं गाव जाळलं गेलं, माणसं डोंगर ओलांडून पलीकडे तंबूत राहिली, तिथे तुमच्या आईनं हे गाणं रचलं. गावात एकोणीस घरं होती. एका घराला एक कडवं. दार कुठल्या दिशेला, अंगणात कुठलं झाड, निघताना चुलीवर काय राहिलं आणि शेवटी, ओळ उतरत उतरत खाली आली की अगदी हळू, त्या घरातल्या माणसांची नावं. तिसऱ्या घरात डाळिंब होतं आणि चुलीवर दूध. सातव्यात चुलीवर काहीच नव्हतं, कारण ते लोक गरीब होते, तेही आईनं सांगून ठेवलं होतं. मी फोनवर रेकॉर्ड केलं. संपलं तेव्हा मी 'हेर बिझी' म्हणायला विसरले. तुम्ही त्या दिवशी रागावला नाहीत.

आता ती गोष्ट.

घरी जाऊन मी ते गाणं साफ केलं. प्रेमानं केलं, मामो, देवाशपथ. ऑफिसातलं उत्तम सॉफ्टवेअर, माझं वीस वर्षांचं काम. मशीनची घरघर काढली, पेल्यांचा आवाज काढला, रस्त्यावरचे ट्रक काढले, तुमचा खोकला काढला. वर हौसेनं सूर 'नीट' करायचं एक बटण होतं, तेही दाबलं. आणि ऑफिसच्या सवयीनं कच्ची फाइल पुसून टाकली. काम झालं की कच्चा माल ठेवायचा नाही, हे आमच्या अंगात भिनलेलं असतं.

पुढच्या शनिवारी मिठाईच्या बॉक्ससकट तुम्हाला ते ऐकवलं. तुम्ही डोळे मिटून पूर्ण ऐकलंत.

"छान गातो," तुम्ही म्हणालात. "कोण आहे?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. मग तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही म्हणालात, "तू माझ्यावर इस्त्री फिरवलीस." तेही मी हसण्यावारी नेलं असतं. पण तुम्ही पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितलंत आणि दोन कडव्यांनंतर हात वर केलात.

"घरं आहेत. माणसं कुठे आहेत?"

नावं नव्हती. एकही नाव नव्हतं. तुम्ही ती मशीनच्या सुरावर टेकून, हळू म्हणायचात ना? सॉफ्टवेअरनं मशीनचा सूर ओळखून काढला आणि त्याच्याबरोबर एकोणीस घरांतली माणसं घरघर समजून काढून टाकली. मी वीस वर्षं हेच करत आले होते आणि त्याची बक्षिसंही घेतली होती.

"पहिलं आहे ना?" तुम्ही विचारलंत. "मशीनवालं?"

"आहे ना," मी म्हटलं.

नव्हतं. त्यानंतर चार वेळा तुम्ही मागितलंत आणि चारही वेळा मी थापा मारल्या. लॅपटॉप बिघडलाय, फाइल मोठी आहे, पुढच्या शनिवारी नक्की. पाचव्यांदा तुम्ही मागितलंच नाही. उलट म्हणालात, "ते राहू दे. तू म्हण माझ्यामागून."

"मला गळा नाही," मी म्हटलं आणि क्लासच्या बाईंची गोष्ट सांगितली.

"तुझी बाई गेली का?"

"केव्हाच."

"मग आता तिला ऐकू येणार नाही. म्हण."

तिथून आपला वाद सुरू झाला आणि तो संपायच्या आत तुम्ही निघून गेलात. तुमचं म्हणणं, गाणं डब्यात ठेवलं की माणूस ते विसरायला मोकळा होतो. गाणं गळ्यात पाहिजे. माझं म्हणणं, गळा मरतो, डबा टिकतो. "तुमच्या पोरांपैकी कोण गातं?" मी चिडून विचारलं होतं एकदा. तुमचा चेहरा उतरला. नसरीन कामातून वेळ काढू शकत नाही, नातवंडं इंग्रजीतून उत्तर देतात, हे तुम्हाला माहीत नव्हतं थोडंच. तो प्रश्न मी विचारायला नको होता. तो मागे घ्यायचाही राहिला.

दर शनिवारी अर्धं कडवं. मी सूर चुकवला की तुम्ही मशीन बंद करायचात, म्हणजे मला कळायचं. शब्दांचे अर्थ तुम्ही कापडाच्या तुकड्यांवर, खडूनं चित्रं काढून सांगितलेत. तुमचं डाळिंब कांद्यासारखं दिसायचं. त्या दीड वर्षात माझ्या गळ्यातून जे काही निघालं त्याला गाणं म्हणायचं की नाही ठाऊक नाही, पण गाडीत एकटी असताना मी आता मोठ्यानं गाते, पंचेचाळिसाव्या वर्षी. इतकी सुखाची गोष्ट मला कुणी दिलेली नाही. आईनंही नाही, आणि तिला हे वाचून राग येणार आहे.

चौदा घरं झाली. पंधराव्याशी येऊन तुम्ही अडलात. "हे जरा कठीण आहे. पुढच्या शनिवारी," म्हणालात. पुढच्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी तुम्ही इस्त्रीच्या टेबलाकडे एकदा पाहिलंत आणि मला चौदावंच पुन्हा म्हणायला लावलंत. मला वाटलं, म्हातारा दमला. मग तुम्हाला हॉस्पिटलात नेलं, आणि मग नसरीनचा फोन आला.

तुमच्या घरी बायकांची बसायची खोली भरली होती. पुरुष दुसरीकडे, मशिदीच्या हॉलमध्ये. मी कडू कॉफी घेतली, गुलेच्या पायाशी गालिच्यावर बसले आणि मला राहवेना. नसरीनला म्हटलं, "तुझ्या आईला सांग, ती फाइल नाही. मी पुसली. मामोंशी खोटं बोलले."

नसरीननं सांगितलं. गुलेनं माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाली. नसरीन रडता रडता हसली.

"आई म्हणते, माहीत होतं. जी बाई धड पँट अल्टर करायला आणते, तिच्याकडे फाइल असती तर ती त्याच संध्याकाळी पळत आली असती. बाबांनाही माहीत होतं. म्हणून तर तुला शिकवायला घेतलं."

दीड वर्ष, मामो! दीड वर्ष तुम्ही मला शरमेनं मरू दिलंत आणि एका शब्दानं बोलला नाहीत. मी खोटं बोलते आहे हे माहीत असून माझ्यासाठी चहा मागवत राहिलात. यावर मी रागवावं की तुमचे पाय धरावेत, मला अजून ठरवता येत नाही.

मग गुले म्हणाली, म्हण.

मी नसरीनला हळूच विचारलं, मयताच्या घरी गाणं कसं? तिनं आईला विचारलंही नाही. "हे गाणं नाही," ती म्हणाली. "ही माणसं आहेत."

मी म्हटलं. मशीन नव्हती, सूर कुठून घ्यावा कळेना, फ्रीजच्या घरघरीचा घेतला. आवाज फाटला, तिसऱ्या घरी थरथरला, सातव्यानंतर सावरला. प्रत्येक नावाशी बायका हुंकार देत होत्या. एकीनं दहाव्या घरातलं नाव ऐकून तोंडावर ओढणी घेतली. ती तुमच्या गावची होती, तिच्या काकाचं नाव होतं ते. एवढी माणसं माझ्या बेसूर गळ्यातून खोलीत येऊन बसत होती आणि कुणी सुराची चूक काढत नव्हतं. चौदावं संपलं आणि मी थांबले. "पुढचं मला येत नाही," मी म्हटलं. "ते राहिलं."

आणि गुलेनं सुरू केलं.

गुलेनं, मामो. जिला गाणं कळत नाही तिनं. कोपऱ्यावरचं घर, दार उगवतीला, अंगणात तुती, तंदूर तापलेला, आत सहा भाकऱ्या. पाच भाऊ आणि एक बहीण. आवाज तुमच्याहून खालचा, जाड, आणि तो तुमचा न सापडणारा गंधार तिच्या गळ्यात असा सहज, जसा काही तो तिच्याच माहेरचा. ओळ उतरत खाली आली आणि तिनं पाच नावं घेतली. प्रत्येकानंतर थांबून. सहावं नाव होतं गुले.

तिच्या बापाचं घर होतं ते. तुम्ही पन्नास वर्षं तिच्यासमोर ते कडवं गायलं नाहीत, तिला त्रास नको म्हणून. आणि तिनं पन्नास वर्षं तुम्हाला सांगितलं नाही की तिला पूर्ण गाणं येतं, तंबूत तुमच्या आईच्या शेजारी बसून तिनंच त्यातली अर्धी झाडं आठवून दिली होती. आपलं लपवणं फुकट गेलं असं तुम्हाला वाटू नये म्हणून, असं ती म्हणाली. तुम्ही दोघांनी एकमेकांना किती जपलंत हो! थोडं कमी जपलं असतंत तर तिच्या गळ्यातलं तुम्हाला ऐकायला मिळालं असतं. हे एक तुमचं राहिलं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

सोळा, सतरा, अठरा, एकोणीस. बायका म्हणाल्या, हेर बिझी. गुलेनं डोळे पुसले, ओढणी नीट केली आणि माझ्याकडे वळून नसरीनला काहीतरी खडसावून सांगितलं.

"आई विचारते, फोन आणला नाहीस का? उद्या ये, ती पुन्हा म्हणणार आहे. डब्यात भर, म्हणते. गळ्याचं काय सांगावं, बाबाही गेलेच ना." नसरीन थांबली. "आणि यातलं काही साफ केलंस तर हात तोडीन, म्हणते."

काल जाऊन भरून आणलं. एकोणीस घरं, सगळी माणसं आत आहेत. तेव्हा आपला वाद मिटला, मामो, आणि तुम्ही हरलात. तुमच्याच घरातलं मत माझ्या बाजूनं पडलं. तुम्ही समोर असतात तर चहा अर्धा टाकून उठला असतात, मशीनला पाय लावला असतात आणि माझ्याकडे पाठ करून गायला लागला असतात. तेवढं एकदा व्हायला हवं होतं.